सतरावी ओळ

१२ जानेवारी

चिमे,

वर मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून नुसतंच 'चिमे' लिहिलं. मुकादमाला रोजचा अहवाल लिहायची सवय असते, पत्राची सवय गेली. हे अहवालासारखं वाटलं तर चालवून घे.

तुझं कार्ड आईला मिळालं. तिच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू झालाय, म्हणून वाचून मीच दाखवलं. दोनदा. शेवटी तू 'सगळ्यांना नमस्कार' लिहिलंयस. आई म्हणाली, "सगळ्यांना म्हणजे तुलाही ना रे?" या घरात आम्ही दोघंच आहोत, त्यामुळे तसं पाहिलं तर मी त्यात येतो.

इकडे ठीक. द्राक्षबागेत थंडीतली छाटणी सुरू झाली. तुम्ही गेलात तेव्हा नवरदेव एकच होता, आता तीन आहेत. बिनचालकाच्या मशीनला बायकांनी ठेवलेलं नाव अजून तेच आहे. तो ओळीत शिरला की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, आणि त्याला मात्र कुणी काही बोलायचं नाही. तिघं मिळून गवत कापतात, औषध फवारतात. वर बसणारा कुणी नाही, त्यामुळे चहाला थांबत नाहीत. या वर्षी चौथं आलंय ते छाटणीचं, दोन हात आणि सहा कॅमेरे असलेलं. त्याला नवरी म्हणायला बायका तयार नाहीत. म्हणतात, एवढी हळू काम करणारी नवरी कुणी नांदवून घेतली नसती.

तुमची मत्स्यशेती म्हणजे मासे शेतात कसे पिकतात, हे आईला कळत नव्हतं. मी सांगितलं, समुद्रात मोठाली गोल जाळी सोडतात, आत मासे वाढवतात, आणि जाळ्यांवरचं शेवाळ धुणारी मशीनं पाण्याखाली फिरतात. त्यांच्या देखभालीला दाजी मदतनीस आहेत. आई म्हणाली, "इथेही मशीन, तिथेही मशीन. मग गेले कशाला?" मी कांदा चिरत होतो, तो चिरत राहिलो.

कात्रीमावशी काठी घेऊन चालतात. उजवा पाय घोट्यात वळत नाही. उतारावरच्या ओळींत त्यांना आता जाता येत नाही, म्हणून शेडमध्ये बसून काम दिलंय.

त्या दिवसाबद्दल चौकशीत जे लिहिलं गेलं ते कपाटात तसंच आहे. त्यात बदलण्यासारखं काही नाही, म्हणून इथे काही लिहीत नाही.

दादा


२ फेब्रुवारी

चिमे,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला दोष देऊन बघितला. तो म्हणाला, पत्र पोचलंय, उत्तराचं काम त्याच्या खात्यात येत नाही.

एक गोष्ट घडली ती तुला कळलीच पाहिजे. शुक्रवारी मॅनेजरबाईंनी मला वर बोलावलं. त्यांची खोली तुला आठवत असेल. खालच्या वाइनच्या पिंपांचा आंबूस वास जिनाभर सोबत येतो आणि त्यांच्या दारात थांबतो. टेबलावर तुमच्या मत्स्यशेतीचं पत्र होतं.

त्यांनी लिहिलंय की पाण्याखालची तीन मशीनं पूर्णपणे दाजींच्या ताब्यात द्यायचा विचार आहे. माणूस हुशार आहे. पण त्याच पाण्यात पाणबुडेही उतरतात, म्हणून आधीची माहिती हवी. पावणेदोन वर्षांपूर्वी तुमच्या द्राक्षबागेत एक बिनचालकाचं यंत्र एका कामगार बाईच्या पायावरून गेलं आणि यांना कामावरून काढलं, असं समजतं. तो अपघात यांच्या निष्काळजीपणामुळे झाला का? हो किंवा नाही, आणि कारण. उत्तर महिनाअखेरपर्यंत.

बाई म्हणाल्या, "तुम्हीच लिहा. तुम्ही तिथे होतात. आणि नात्यातले आहात, उगाच वाकडं लिहिणार नाही."

"कपाटात अहवाल आहे ना, मॅडम. त्याचीच प्रत पाठवू."

"अहवालात सही कुणाची ते आहे. कारण नाही. काल काढून वाचला मी."

खरं आहे ते. मशीनच्या उजव्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी सापडली होती. डोळा झाकला की त्या बाजूचं माणूस मशीनला दिसत नाही. पट्टी दाजींच्या पेटीतली. मेकॅनिक तेच, आणि त्या सकाळच्या तपासणीच्या कागदावर 'सर्व डोळे साफ' याच्यापुढे सही त्यांची. चौकशीत ते एवढंच म्हणाले, "सही माझी आहे." खापर फोडायला तेवढं पुरलं. पट्टी कुणी लावली, हे त्यांना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते खिडकीबाहेर बघत बसले.

मी उत्तराचा मसुदा केलाय. कामात चोख, वेळेचे पक्के, मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखणारे, असं लिहिलंय. सगळं खरंच आहे.

आई बरी आहे. गुडघ्याचा पट्टा तिने चाचपडत उशीत घालून शिवून टाकला, म्हणजे मी तो तिला बांधणार नाही.

दादा


१४ फेब्रुवारी

चिमे,

मसुदा परत आला. बाईंनी त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'स्तुती छान. प्रश्नाचं उत्तर?'

काल शेडमध्ये गेलो. कात्रीमावशी आता छाटणीच्या मशीनला शिकवतात. मशीन ओळीत उभं राहून वेलीचा फोटो पाठवतं, तो इथे पडद्यावर येतो, आणि कुठे कापायचं तिथे मावशी बोटाने रेघ मारतात. मशीन आधी आपला अंदाज दाखवतं. चुकलं की मावशी त्याच्यावर करवादतात.

"अरे मेल्या, तो कोंब ठेवायचा! पुढच्या वर्षाचा घड त्याच्यावर येणार! सहा कॅमेरे लावलेत आणि समोरचं दिसेना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तीस वर्षं वेलीसमोर उभी राहिले, आता वेलीच्या फोटोसमोर बसते. थंडी लागत नाही एवढं खरं. ये, बस."

मी बसलो नाही. चौकशी केली, पायाची, घराची. त्यांनी सगळ्याला 'बरंय' म्हटलं. मग बोटाने रेघ मारता मारताच म्हणाल्या, "तुला एक विचारू? पाय गेला तो गेला, त्याचं रडगाणं मी गात नाही. पण ते मशीन माणूस दिसलं की थांबतं, हे तूच आम्हाला पहिल्या दिवशी उभं करून शिकवलंस. त्याच्यासमोर आमच्यातल्या एकेकीला चालवलंस. मग माझ्या वेळी का थांबलं नाही? लोक म्हणतात, पट्टी होती. पण कुणी आणि कशाला लावली, ते मला कुणी सांगत नाही. मेकॅनिक तसा माणूस नव्हता रे. तुला काही माहीत आहे?"

मी म्हणालो, "नाही, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा फोटो मागवला.

अहवालात आपण जे घडलं तेच लिहितो, म्हणून हे लिहिलं.

दादा


२३ फेब्रुवारी

चिमे,

सोबत एका पत्राची प्रत आहे. ती आधी वाच. मूळ पत्र काल तुमच्या मत्स्यशेतीकडे रवाना झालं. त्यात आहे तेच इथे घरच्या भाषेत सांगतो.

पट्टी मी लावली.

त्या जूनमध्ये वेलींची वाढ अशी झाली होती की कोवळे शेंडे दोन्ही बाजूंनी ओळीत लोंबायचे. नवरदेवाला प्रत्येक शेंडा माणूस वाटायचा. दिवसातून चाळीस वेळा थांबायचा आणि मला चढ चढून जाऊन बटण दाबावं लागायचं. बाकीच्या बागांची फवारणी उरकली, आमची अर्धी राहिली. पानांवर बुरशीचे डाग दिसायला लागले. मॅनेजरबाई तेव्हा नव्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मशीन घेऊनही तुमचं काम माणसांपेक्षा हळू कसं?" मला ते लागलं. अपघाताच्या दोन दिवस आधी मी दाजींच्या पेटीतून पट्टी घेतली आणि उजवा डोळा झाकला. डावा उघडाच ठेवला होता. थांबणं निम्म्यावर आलं, मशीन धडाधड चाललं. दोन दिवसांत मागचं सगळं भरून निघालं, आणि बाईंनी शाबासकी दिली.

तिसऱ्या दिवशी ते सतराव्या ओळीत सोडलं. ओळ रिकामी आहे असं मला वाटलं. मावशी तिथे उजव्या बाजूला तारेखाली बसून वेली बांधत होत्या. मी खालच्या टोकाला होतो. ओरडणं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कुणी हसतंय.

त्या संध्याकाळी तू मला अंगणात विचारलंस, "दादा, तुला यातलं काही माहीत आहे?" मी कानांवर हात ठेवले. पंधरा दिवसांनी तुम्ही घर आवरलंत आणि मला न सांगता गेलात.

काल पत्र घेऊन वर गेलो. मॅनेजरबाईंनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "दार लावून घ्या." मी लावलं.

"हे आत्ता का?"

"त्यांनी प्रश्न विचारला म्हणून."

"तेव्हाही विचारला होता."

मग त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते, ते आठवतंय मला. त्याचं माझं मी बघेन. पण तुमची मुकादमकी आजपासून गेली, आणि चौकशी पुन्हा उघडेल." पत्रावर त्यांनी स्वतः शिक्का मारला. हात जरा जोरात आपटला, एवढंच.

तिथून शेडमध्ये गेलो आणि मावशींना सांगितलं. त्यांनी पडदा बंद केला, काठी उचलली आणि माझ्या शेजारून बाहेर निघून गेल्या.

आईला घरी आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मग चिमी इतके दिवस रागावली ती बरोबरच होती." त्यानंतर जेवायला वाढ म्हणाली.

दाजींना मशीनं मिळतील असं वाटतं. तेवढं झालं की मला कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

दादा


११ मार्च

दादा,

तू विचारलंस म्हणून कळवते. यांना मशीनं मिळाली नाहीत.

तुझं पत्र ऑफिसात पोचलं आणि सगळं मार्गी लागलं होतं. साहेबांनी यांच्याशी हातसुद्धा मिळवला. त्याच दिवशी प्रत घरी आली. हे जेवण बाजूला ठेवून वाचत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ऑफिसात गेले आणि सांगून आले, "पट्टी मी लावली नाही, पण त्या सकाळी मी ती पाहिली होती. पाहून सही केली."

हो. यांनी पाहिली होती. आणि मला ते आज कळलेलं नाही. आम्ही तुमच्याकडून निघालो त्याच दिवशी, बसमध्ये, यांनी मला सांगितलं. पट्टी कुणाची हेही त्यांना ठाऊक होतं, कारण पेटीतून घेतलेली वस्तू परत जागेवर ठेवणारा त्या बागेत तू एकटाच. मी विचारलं, काढली का नाही? म्हणाले, "तुझ्या दादाला त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं होतं. वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, संध्याकाळी त्याला एकट्याला गाठून सांगू." ती संध्याकाळ कशी गेली ते तुला माहीत आहे.

म्हणजे मी एकवीस महिने हे जाणून आहे. आईला कार्डं पाठवत राहिले, 'सगळ्यांना' लिहीत राहिले, आणि वाट बघत राहिले की तू कधीतरी तोंड उघडशील. शेवटी तू उघडलंस ते कुणा परक्याने हो-किंवा-नाही विचारल्यावर. आनंद आहे.

आणि यांचं काय सांगू! तुम्ही दोघं पुरुष खरं बोलायला लागलात ते एकाच आठवड्यात, आणि माझ्या घरातली बढती गेली. मी यांना म्हटलं, तुम्हाला आत्ताच कंठ फुटायचा होता? म्हणाले, "तो एकटा कसा पडेल?" मी ताट आपटलं. मग ताट उचललं, कारण माझंच होतं.

साहेबांनी यांना काढलं नाही. होडीवर घेतलंय. रोज सकाळी जाळ्याजाळ्यात जाऊन मेलेले मासे उचलायचे, मोजायचे. खोकला झालाय, पण रात्री झोप लागते. पूर्वी लागत नव्हती.

मशीनं मला दिली आहेत. यात हसण्यासारखं काही नाही. मी मासे निवडायच्या शेडमध्ये होते, पण जेवणाच्या सुट्टीत यांच्याबरोबर पडद्यासमोर बसायचे आणि जाळं कुठे विरलंय ते यांच्या आधी मला दिसायचं. आईबरोबर स्वेटर उसवायला बसायचे ती नजर आहे. साहेबांनी तीन दिवस परीक्षा घेतली. मशीन पाण्याखाली तीस हात खोल गेलं की सगळं हिरवं आणि गढूळ दिसतं, हजारो मासे तोंडावरून जातात. तरी तळहाताएवढं भोक मी शोधलं. आता माझ्या शब्दाशिवाय पाणबुडे उतरत नाहीत.

तू मला एक सांग. 'ओळ रिकामी आहे असं वाटलं' असं तू लिहिलंयस. ओळी कुणाला कुठली द्यायची ते रोज सकाळी तूच ठरवायचास ना?

आईला पाठव चार दिवस. तिचे डोळे इथल्या डॉक्टरला दाखवू.

चिमी


२९ मार्च

चिमे,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला बारा दिवस लागले.

ओळी मीच द्यायचो. मावशींना सतरावी ओळ मीच दिली होती, मशीन सोडायच्या अर्धा तास आधी. मशीन सोडताना ते माझ्या ध्यानात होतं. वाटलं, एवढ्यात त्या वरच्या टोकाला पोचून ओळीबाहेर पडल्या असतील. मशीन थांबवून, ओळीतून एकदा चालून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं वाचवली. तुझ्या मत्स्यशेतीला लिहिलं त्यातही हे नव्हतं. कबुलीजबाबातसुद्धा मी आपल्यापुरती एक बाजू झाकून ठेवली होती. तुला फाटलेलं दिसतं ते खरंच आहे.

मी आता साधा छाटणीवाला आहे. उताराच्या वरच्या ओळींवर मशीन चढत नाही, तिथे आम्ही आठ जण काम करतो. नवी मुकादम माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. ती दर वेळी मशीन सोडायच्या आधी ओळीतून चालत जाते. मी वरून बघतो. खरंच पाचच मिनिटं लागतात.

मावशी महिनाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. सोमवारी मी शेडमध्ये गेलो आणि तुला वर लिहिलंय तेच त्यांना उभ्याने सांगितलं. या वेळी त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे मी तिथे आहे हे तुला ठाऊक होतं."

"होतं."

"हाक का मारली नाहीस? माझे कान तर शाबूत होते. नुसतं 'मावशी, सरका' म्हणाला असतास."

मी म्हणालो, "सुचलं नाही." हे खरं आहे आणि याहून वाईट काही मला सांगता आलं नसतं.

त्या पडद्याकडे वळल्या. मशीनने एका जुन्या वेलीवर पाच रेघा दाखवल्या होत्या. त्यांनी त्यातल्या चार पुसल्या. मग म्हणाल्या, "हे सगळं चौकशीत पुन्हा सांग, असंच, एक शब्द न गाळता. मी समोर बसणार आहे. माफीबिफी मागू नकोस. मागितलीस तर मला काहीतरी म्हणावं लागेल, आणि मला म्हणायचं नाही." चौकशी एकोणीस एप्रिलला आहे. मी सांगणार आहे. दाजींनाही बोलावणं येईल, त्यांना तयारीत राहायला सांग. त्यांनी होडीवर गळ्याला काहीतरी गुंडाळून जावं.

दाजींनी पट्टी पाहून सही केली, हे वाचून मी दोन दिवस त्यांच्यावर चिडलो होतो. त्यांनी त्या सकाळी ती ओढून काढली असती आणि मला दोन शब्द सुनावले असते तर, असं मनात येत होतं. मग लक्षात आलं, हे मी पावणेदोन वर्षं गप्प बसून दुसऱ्याला म्हणतोय. त्यांना हे सांगू नकोस. किंवा सांग, आता कुणापासून काय लपवायचं ते मला नीटसं कळत नाही.

तुला मशीनं दिली हे आईला सांगितलं. तिने शेजारणीला बोलावून माझ्याकडून ती ओळ पुन्हा वाचून घेतली, 'माझ्या शब्दाशिवाय पाणबुडे उतरत नाहीत'. शेजारीण म्हणाली, "तुमच्याही घरात पूर्वी तिच्या शब्दाशिवाय काही हलत नव्हतंच की हो." दोघी हसल्या.

आई एकटी यायला नाही म्हणते. बस बदलताना फलाट दिसत नाही, हे तिचं कारण आहे. म्हणून मी येतो सोबत. मंगळवारची बस, दुपारी चारला तिथे पोचते. थांब्यापासून घर कुठे ते विचारत येऊ.

मला आत घ्यायचं की बाहेरूनच परत पाठवायचं ते तू दारातच ठरव, मी काही म्हणणार नाही. फक्त आईने तुझ्यासाठी पिशवीत काय काय भरलंय, आणि ती मला उचलू देत नाही, स्वतःच धरून बसते. दार उघडलंस की आधी तिच्या हातातली पिशवी घे.

दादा